लुगड्याचा लेयर

पाटीवर पेन टेकवला, रेघ ओढली, आणि पाटीवर काहीच उमटलं नाही. रेघ उमटली ती समोर, हातभर लांब, कॉम्प्युटरच्या काचेत. आम्रपालीनं हात असा झटकन मागं घेतला की पेन टेबलावरून घरंगळून खाली पडला.

"चावत नाही ओ ते," बाळासो म्हणाला. "पेन तेवढा जपा, ताई. फुटला तर नानासो तुम्हाला न् मला दोघांनाबी विकतील आणि नवीन आणतील."

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालातली. सांगलीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत नानासोंचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, निवडणूक आली की हँडबिलं. तिथं आम्रपाली मराठी टाईप करायची आणि बाळासो, म्हणजे नानासोंचा मेव्हणा, बाकीचं सगळं बघायचा. शाळेत असताना आम्रपालीनं चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. पुढं शिकायचं मनात होतं, पण वडलांची माधवनगरची गिरणी बंद पडली आणि पाठोपाठ वडीलही गेले. मग टायपिंग आलं, लग्न आलं. नवरा, प्रबुद्ध, साताऱ्याला कारकून होता. शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटेची गाडी धरायचा. ती नोकरीपायी आईजवळ माधवनगरलाच राहिली होती. पत्रिकेच्या कोपऱ्यात मोर हवा असला की तो ती कागदावर करून द्यायची आणि बाळासो स्कॅन करायचा. तिच्या चित्रकलेचं एवढंच शिल्लक राहिलं होतं.

त्या वर्षी एका संस्थेनं नानासोंना काम दिलं. प्रौढ वर्गात नुकत्याच वाचायला शिकलेल्या बायकांसाठी सोळा पानांचं पुस्तक, सगळं चित्रांत, चौकटीचौकटींचं, तोंडातून फुगे निघणारं. नानासोंनी पुण्याहून कुणाकडून तरी वापरलेली ती काळी पाटी आणि शाई नसलेला पेन आणला आणि तिच्यापुढं ठेवला.

"बघ जमतंय का. नाही जमलं तर मोर आहेतच."

आणि पहिले काही दिवस तिला काहीच जमेना. हाताकडं बघावं तर काचेत रेघ भलतीकडं पळायची. काचेकडं बघावं तर हात हरवायचा. एक डोळा करायला जावं तर तो कपाळावर जाऊन बसायचा. स्वतःचा उजवा हात, ज्यानं इतकी वर्षं अक्षर सुरेख आलं म्हणून शाबासकी घेतली, तो परक्या माणसाचा असावा तसा वागत होता.

मग एका संध्याकाळी आईला, चंद्राबाईंना, भाकरी थापताना तिनं बघितलं. चंद्राबाई दाराकडं तोंड करून शेजारणीशी बोलत होत्या. नजर बाहेर, तोंड बाहेर, आणि परातीत हात आपला फिरतोय. भाकरी गोल, कडा पातळ. एकदाही खाली बघितलं नाही त्यांनी.

"आई, सर. मी थापते."

"आज कुनीकडं उगवला म्हनायचा?"

आम्रपाली खिडकीकडं बघत भाकरी थापायला बसली. पहिल्या दोन फाटल्या. तिसरी चंद्राबाईंनी तव्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी दुकानात तिनं पाटीकडं बघणंच सोडलं, आणि काचेत बसच्या टपाची रेघ एका दमात सरळ आली. बाळासोनं शीळ घातली.

त्यानंतर मात्र रोज एक धक्का. चूक झाली की दोन बटणं दाबायची, चूक नाहीशी. कागदावर खोडलं तरी खोडल्याची खूण राहते. इथं चूक झाली होती याचा पुरावाच मागं उरत नव्हता. त्यावरचा धक्का लेयरचा. बाळासोनं समजावलं ते असं, की बटर पेपरचे ताव एकावर एक ठेवल्यासारखं आहे. एका तावावर रस्ता, दुसऱ्यावर बस, तिसऱ्यावर माणूस. प्रत्येक तावाच्या नावापुढं एक बारीक डोळा. डोळा मिटला की तो ताव दिसत नाही, उघडला की परत जागच्या जागी.

"म्हणजे जातो कुठं?"

"कुठं जातोय? तिथंच असतोय. आपल्याला दिसत नाही एवढंच."

माणसं कशी काढायची याचं एक इंग्रजी पुस्तक बाळासोनं कोल्हापूरहून मित्राकडून आणून दिलं. त्यात पानोपानी लिहिलं होतं, आधी अंग, मग कपडा. अंगाशिवाय कपडा काढला तर तो खुंटीला टांगल्यासारखा दिसतो. आम्रपालीनं ते परीक्षेच्या पुस्तकासारखं शब्दाबरहुकूम पाळलं. एका लेयरवर खांदे, छाती, पोट, मांड्या. त्याच्यावर दुसरा लेयर, लुगड्याचा. आणि खरंच, लुगडं अंगावर बसलं. चालताना ओचा हलेल असं वाटायला लागलं.

पुस्तकातली बाई होती बनुबाई, आणि गोष्ट होती खुद्द चंद्राबाईंची. त्यांचं माहेर वाईकडचं. तरुणपणी साताऱ्याकडच्या खंडाळ्याच्या स्टँडवर त्या वाईची समजून पुण्याच्या गाडीत बसल्या होत्या, कारण वाईची गाडी रोज तिथंच लागायची. गाडीवरची पाटी वाचता येत असती तर पुण्यात लेकराला घेऊन दिवसभर रडत बसावं लागलं नसतं. आता पन्नाशी उलटल्यावर त्या विहारातल्या वर्गात अक्षरं गिरवत होत्या. लेकीनं गोष्ट मागितली तेव्हा दिली, आणि तोंड मागितलं तेव्हा तेही दिलं. चित्रासाठी मागच्या पायरीवर तास-तास बसून राहायच्या.

"नाक जरा ल्हान कर."

"आहे तसंच करणार."

"मग पदर तरी नीट डोक्यावर घे. उगं भटकभवानी दिसाया नगं."

वर्गातल्या सगळ्या बायकांना त्यांनी सांगून ठेवलं होतं की पुस्तकात आपण आहोत.

एका दुपारी बाजाराला आल्या आणि न सांगता दुकानात शिरल्या. चपला बाहेर काढल्या, पदर सारखा केला आणि थंड खोलीत दारालगत उभ्या राहिल्या. नानासो नव्हते. मुलीच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला तात्याबा नावाचे एक गिऱ्हाईक बसले होते. आम्रपाली आतल्या बाजूला फोनवर कुणाच्या पत्रिकेतल्या नावांची जोडाक्षरं लिहून घेत होती.

"या, मावशी," बाळासो म्हणाला. "बनुबाई बघायला आलाय न्हवं? बसा. गंमत दावतो."

त्यानं चौकट उघडली. खंडाळ्याचा स्टँड, बस, आणि हातात पिशवी घेतलेली बनुबाई. चंद्राबाई काचेजवळ वाकल्या. स्वतःचं नाक ओळखून तोंडावर पदर धरून हसल्या.

"आता बघा हां. बस गेली." बाळासोनं बसच्या लेयरचा डोळा मिटला, बस गेली. "आली. झाड गेलं. आलं."

आणि त्याच लयीत, विचार न करता म्हणा किंवा सवयीनं म्हणा, त्यानं पुढचा डोळा मिटला. लुगडं गेलं.

तात्याबा हसले. "परवा दावलीस ती हीच व्हय रं?"

फोन आम्रपालीच्या हातातच राहिला. पलीकडचा माणूस 'हॅलो, हॅलो' करत होता. तिला आधी कळेना की हे काय ऐकलं. परवा. म्हणजे आजचं पहिलं नव्हे. म्हणजे ती घरी गेल्यावर, पत्रिका निवडायला आलेल्या पुरुषांपुढं, हे चालायचं.

तात्याबांनी काचेतलं तोंड बघितलं, मग खुर्चीजवळ उभ्या बाईचं तोंड बघितलं, आणि त्यांचं हसू जागच्या जागी विझलं. डोळा उघडायचं बाळासोला सुचलं नाही.

टेबलाच्या कडेला कॉम्प्युटरवर धूळ बसू नये म्हणून घालायचं कापडी कव्हर घडी करून ठेवलं होतं. ते चंद्राबाईंनी उचललं, उलगडलं, आणि काचेवर घातलं. खालपर्यंत ओढून कोपरे सारखे केले. मग बाहेर जाऊन चपला घातल्या आणि निघून गेल्या.

आम्रपाली घरी पोचली तेव्हा चंद्राबाई चूल पेटवत होत्या. ती सगळं एका दमात बोलली. बाळासो किती हलकट, त्या तात्याबाला लाज कशी नाही, नानासोंना सांगून उद्याच त्याला हाकलते.

चंद्राबाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या पोरानं लुगडं उतरवलं. पर आतली बाई कुनी केली?"

आम्रपालीनं खांद्यावरची पर्स खाली ठेवली.

"त्यानं केली का?"

"पुस्तकात तसं करायला सांगितलंय, आई. नाहीतर लुगडं बसत नाही."

"तवा मी लुगडं नेसून बसलेली. उतरून न्हवते बसले. मग तू बघितलंस कुठं?"

"बघितलं नाही. अंदाजानं केलं."

"अंदाजानं." चंद्राबाईंनी फुंकणी खाली ठेवली. "माझ्या आयला गावात गुडघ्याच्या वर नेसायला लागायचं. खाली सोडलं की मळ्यातली लोकं म्हनायची, लय मोठ्या झाल्या ह्या. धर्म घेतला त्या साली तिनं पयल्यांदा घोट्यापतूर लुगडं नेसलं आन तशीच पानवठ्यावर गेली. तिला ढकलून दिली लोकांनी. उठून परत तशीच गेली. मी लहान व्हते, संग व्हते. आमाला अंगभर नेसायला भांडावं लागलंय, पोरी. आन तू शिकून सवरून मला तसली ठेवलीस, वर पांघरूण घालून. कुनीबी यावं आन काढावं."

आम्रपालीला वाटत होतं की आई रडेल, मग समजूत घालता येईल. चंद्राबाई रडल्या नाहीत. पीठ मळायला बसल्या.

शनिवारी प्रबुद्ध आला. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "वाईट झालं. पण शेवटी चित्रच ना ते? आणि काम मधेच सोडू नकोस, तुझं नाव येणार आहे त्याच्यावर." तो वाईट माणूस नव्हता. जेवायला बसल्यावर त्यानं सासूकडं बघायचं मात्र टाळलं.

चंद्राबाई वर्गाला जाईनाशा झाल्या. बायका बोलवायला आल्या तर गुडघा दुखतोय म्हणाल्या. लेकीला एवढंच सांगितलं, "माझं तोंड त्यातनं काढ. न्हाईतर पुस्तक छापू नगंस."

सोमवारी आम्रपाली दुकानात गेली आणि तिनं सगळ्या चौकटी एकेक करून उघडल्या. प्रत्येकीत लुगड्याचा डोळा मिटला. गाडीची वाट बघणारी आई. गाडीत चढणारी आई. पुण्याच्या फलाटावर लेकराला पोटाशी धरून बसलेली आई. सगळीकडं उघडी. हे सगळं तिच्याच हातचं होतं, आणि करताना तिला खांदा नीट जमल्याचा आनंद झाला होता.

बाळासो दारात उभा होता. "ताई, चुकलं माझं. मावशींच्या पाया पडतो."

"पडू नकोस. आणखी कुठं ठेवलंयस हे?"

त्यानं खिशातून एक फ्लॉपी काढून टेबलावर ठेवली. "एवढंच. आणखी कुठं नाही. आईशप्पथ."

तिनं फ्लॉपीची पत्र्याची पट्टी उचकटली, आतली चकती बाहेर ओढली आणि कात्रीनं कापली. तो खरं बोलतोय की खोटं, हे कळायला मार्ग नव्हता. पाटीवरून पेन उचलून तिनं अंगाचे लेयर पुसायला घेतले. लुगडी मात्र त्या पुसलेल्या अंगाचाच आकार धरून राहिली. म्हणून प्रत्येक निरी तिनं नव्यानं घातली. अंग न करता, आई नेसते ते आठवून. आठवडा गेला.

"सगळं पुसलं," तिनं घरी सांगितलं. "तोंड तुझंच ठेवलंय. बघ आणि मग नको म्हण."

चंद्राबाई आल्या. बाळासोला बाहेर उभं केलं. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "कुठला डोळा?"

आम्रपालीनं दाखवला. त्यांनी माऊस आपल्या हातात घेतला. बाण काचेभर पळाला, दोनदा भलतंच दाबलं गेलं. मग लुगडं गेलं. राहिलं एक तोंड, पिशवी धरलेला हात, दोन पावलं. मधे काही नाही. मधून मागचा रस्ता आणि बसचं चाक दिसत होतं. चंद्राबाई बराच वेळ त्या चाकाकडं बघत राहिल्या. डोळा उघडला, लुगडं आलं.

"फुडचं."

"सगळी अशीच आहेत, आई. मी स्वतः पुसलंय."

"फुडचं दाव."

त्यांनी एकही चौकट सोडली नाही. डोळा मिटायचा, बघायचं, उघडायचा. तांदळातला खडा वेचावा तशी नजर. आम्रपाली शेजारी उभी होती आणि प्रत्येक चौकटीला तिला नव्यानं कळत होतं की आईला आपला शब्द पुरत नाही. तिनं आयुष्यात कधी आईला असं काही तपासताना बघितलं नव्हतं. वाण्याचा तराजूसुद्धा नाही.

शेवटची चौकट झाली. चंद्राबाईंनी माऊस सोडला, हात पदराला पुसला.

"आनखी कुठं हाय का त्ये आधीचं?"

"बाळासो नाही म्हणतो."

"त्यो काय म्हनतोय ते न्हाई इचारलं. तुला इचारते."

नाही म्हणणं सोपं होतं.

"मला माहीत नाही, आई. असेलही. कुणी कॉपी करून नेलं असलं तर इथून ते कमी झालेलं दिसत नाही. मला कधीच कळणार नाही."

चंद्राबाईंनी काचेतल्या बनुबाईकडं बघितलं, मग लेकीकडं. बाहेर गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"ह्ये खरं बोललीस," त्या म्हणाल्या. खुर्चीच्या हाताला धरून उठल्या. "छाप. तोंड राहू दे. आन मला त्या वर्गाला सोड जाता जाता, उशीर झालाय."