शेजाऱ्याची जाई

इथे परदेशात, स्वोर्ड्स गावातला माझा शेजारी औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, त्यामुळे चूक कायम दुसऱ्याची. त्याच्या बाजूच्या भिंतीवर ऊन पाहुणं म्हणूनसुद्धा येत नाही. "माझ्यासारखी आयव्हीची वेल लाव, सावलीत तगते," मी सांगितलं. "आयव्ही म्हणजे तण रे," म्हणत साहेबांनी जाई लावली, कारण आईला तसा शब्द दिला होता. पहिल्याच थंडीत जाई गेली. "रोपच डिफेक्टिव्ह होतं."

लॉकडाऊनमध्ये त्याच्या आईचं इकडे येणं पुन्हा रद्द झालं. त्याच आठवड्यात त्याने फर्मावलं, "तुझी आयव्ही माझ्या भिंतीवर येतेय, छाट."

रविवारी कात्री घेऊन गेलो, तर पलीकडे व्हिडिओ कॉल चालू होता.

"बघ आई, तुझी जाई केवढी पसरली. पानं ना? इथल्या पावसाने मोठी होतात."

मी कात्री शेडमध्ये ठेवून आलो.