न उघडलेली पत्रिका

सूर्यभान गुरुजी निवृत्त झाले, हातातला खडू सुटला, पण शिकवायची खोड काही सुटली नाही. शाळेत पोरं निदान पुढ्यात तरी बसलेली असायची. आता गुरुजींचा वर्ग म्हणजे ‘आपलं पेडगाव’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, आणि या वर्गात ऐकायला म्हणून कोणी येतच नव्हतं. गुरुजी ग्रुपचे अ‍ॅडमिन होते. हा मान त्यांना कोणी दिला नव्हता; दुसऱ्या कोणाला नको होता म्हणून तो त्यांच्या गळ्यात पडला होता.

दिवस उजाडला की ग्रुपवर गुलाबाची फुलं पडायला लागायची. फुलांमागून मुतखड्यावरचा अक्सीर इलाज, त्यामागून फुकटच्या फवारणी पंपाची लिंक, आणि मग ‘हा मेसेज अकरा जणांना पाठवा, सांजेपर्यंत खुशखबर येईल’. मध्यंतरी आपला फोटो एका अ‍ॅपला द्यायचा आणि त्यातून राजा-राणी होऊन बाहेर पडायचं, असं खूळ आलं. ज्या बाया वेशीपर्यंत जाताना डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत, त्या समुद्रकिनारी झुळझुळीत साड्या नेसून उभ्या राहिल्या. खुद्द गुरुजींच्या घरात त्यांच्या बायकोनं, मालनबाईंनी तो प्रयोग करून बघितला. फोटोत त्यांच्या अंगावर इतके दागिने चढले की गुरुजी म्हणाले, “ही बाई कोण हाय? एवढं सोनं मी तर केलं न्हाई.”

“तुमी न्हाई केलं म्हणून तर फोनला सांगावं लागलं,” मालनबाई म्हणाल्या.

गुरुजींना हसू आलं नाही. आपलं तोंड आपण कोणाच्या हवाली करतोय, तो माणूस कोण, राहतो कुठं, पुढं त्या फोटोचं काय करणार, याची फिकीर एकालाही नाही, हे त्यांना सोसत नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथं ग्रुपवर सूचना लिहिली. ‘सावधान’ या शब्दाने सुरू होणारी, परिच्छेद पाडलेली, विरामचिन्हांसकट. उत्तरादाखल एक अंगठा आला. तोही चुकून दाबला गेला असावा, कारण लगेच काढून घेण्यात आला.

अशा कितीतरी सूचना त्यांनी लिहिल्या. लकी ड्रॉवर, वीज तोडायच्या धमकीवर, ओटीपीवर. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. घडा पालथा आहे हे कळल्यावर शहाणा माणूस ओतायचं थांबवतो. गुरुजी आणखी ओतायचे.

“उगं कामून रगत आटवायलात?” मालनबाई म्हणायच्या. “ज्याला बुडायचंय त्याला बुडू द्या.”

“मग मी अ‍ॅडमिन कशाला हाय?” गुरुजी म्हणायचे. आणि हाच प्रश्न त्यांना जास्त झोंबायचा.

लग्नसराई सुरू झाली तसा नवा रोग आला. फोनवर ‘लग्नपत्रिका’ नावाची फाईल यायची. उघडली की पत्रिका काही दिसायची नाही, फोन मात्र चोराच्या ताब्यात जायचा, आणि मालकाच्या नावानं तीच फाईल त्याच्या सगळ्या ओळखीच्यांना जायची. गुरुजींनी ताबडतोब सूचना टाकली. आणि लगोलग गावात बी-बियाणांचं दुकान चालवणाऱ्या परमेश्वरानं ती फाईल उघडली. परमेश्वर गुरुजींचाच जुना विद्यार्थी. अर्ध्या तालुक्याचे नंबर त्याच्या फोनमध्ये, त्यामुळे अर्ध्या तालुक्याला पत्रिका गेली.

गुरुजी तरातरा दुकानात गेले.

“परमेश्वरा, मी लिहिलं व्हतं का न्हाई?”

“लिहिलं व्हतं गुरुजी.”

“वाचलं व्हतंस?”

“वाचलं बी व्हतं.”

“मग नंबर वळखीचा न्हाई, लग्न कोणाचं ते माहीत न्हाई, आन् उघडलीस कामून?”

परमेश्वर मान खाली घालून म्हणाला, “नाव बघाय, गुरुजी. आपलं नाव टाकलंय का न्हाई ते.”

आणि हे खरंच होतं. आमच्याकडे तारीख बघायला पत्रिका कोणी उघडत नाही. तारीख गावाला आधीच ठाऊक असते. उघडतात ती खालची नावं बघायला. निमंत्रकांत कोण, स्वागतोत्सुकांत कोण, व्यवस्थापकांच्या गर्दीत कोणाला ढकललं, आणि कोणाचं नाव साफ गाळलं. या नावांपायी भावकीत अबोले धरले गेलेत, सोयरिकी तुटल्यात. चोर कुठल्या मुलखातला होता कोण जाणे, पण आमची दुखरी नस त्याला बरोबर सापडली होती.

गुरुजींची तर ती नस ठसठसतच होती. चार वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाचं, सिद्धोधनचं लग्न झालं. छापायच्या आधी पत्रिका गुरुजींनी स्वतः तपासली, ऱ्हस्व-दीर्घासकट. एवढं करून एक गोष्ट नजरेतून सुटली. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ बालाजी, परभणीला कारकून असलेला, निमंत्रकांत यायचा तो खाली व्यवस्थापकांत, चुलत-मावस गोतावळ्यात जाऊन पडला. बालाजी लग्नात वाढायला उभा राहिला, पाहुण्यांची उस्तवार केली, मांडव उतरेपर्यंत थांबला. मग तो ग्रुपमधून बाहेर पडला, आणि घरातूनही. एवढ्याशा गोष्टीवरून इतकं, असं गुरुजींना वाटलं. त्यांनी फोन केला नाही. थोरल्यानं का करायचा?

आता त्या बालाजीच्या पोरीचं, संघप्रियाचं लग्न ठरलं होतं. तारीख, परभणीतला हॉल, मुलगा चारठाण्याचा, सगळं गावाला ऐकून माहीत झालं होतं. फक्त पत्रिका आली नव्हती. संघप्रिया लहानपणी सुट्ट्यांत यांच्याच घरी असायची, पाढे तिला गुरुजींनीच शिकवले. गुरुजी कोणापाशी बोलले नाहीत, पण दारात मोटारसायकल थांबली की पेपर खाली करून बघायचे. बालाजी बोलवील का, आणि पत्रिकेत आपल्याला कुठं बसवलं असेल, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

इकडे परमेश्वराच्या प्रतापानं गाव हादरलं होतं. दुधानं तोंड पोळलं तसं सगळं गाव ताकही फुंकून प्यायला लागलं. ‘गुरुजी, ही लिंक दाबू का?’ ‘गुरुजी, हा नंबर कसा हाय?’ गुरुजींनी नियम घालून दिला: अनोळखी नंबरवरून पत्रिका आली की उघडायची नाही, नंबर ग्रुपवर टाकायचा, सगळ्यांनी ब्लॉक करायचा. आणि नवल म्हणजे लोक तसं करायलाही लागले. आयुष्यभर ‘गप्प बसा’ म्हणून घसा फोडला, तो वर्ग आता कुठे गप्प बसला होता.

अशात एका दुपारी गुरुजींच्या फोनवर अनोळखी नंबरवरून मेसेज आला. ‘सप्रेम जयभीम दादा. संघप्रियाची पत्रिका पाठवतोय, बघून घ्या. तुम्ही आल्याशिवाय लग्न लागणार नाही. बालाजी.’ खाली फाईल.

बालाजीचा नंबर गुरुजींकडे होता. हा तो नव्हता. तरी त्यांचा अंगठा फाईलकडे गेला, हे नाकारण्यात अर्थ नाही. नाव कुठं छापलंय तेवढंच बघायचं होतं. पण परमेश्वरही तेवढंच बघायला गेला होता. गुरुजींनी अंगठा मागे घेतला आणि मालनबाईंना हाक मारली.

“बघा, चोरानं कुठवर मजल मारली. घरातली नावं काढलीत आपल्या.”

मालनबाईंनी चष्मा लावून वाचलं. “दादा मनलंय की.”

“चोराला काय, त्यो बाप बी मनंल.”

“मंग बालाजी भावजीला फोन लावा. जुना नंबर हाय तुमच्याकडं. इचारा, तुमीच पाठिवली का म्हणून.”

उपाय सरळ होता. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर गुरुजींनीही हाच सांगितला असता. पण इतक्या वर्षांनी फोन करून विचारायचं काय, तर मला बोलावलंस का? आणि तो नाही म्हणाला तर?

“बोलवायचं असंल तर घरी यील,” गुरुजी म्हणाले. “थोरल्या भावाला कोणी फोनवर पत्रिका धाडत असतं का? हे फसवणुकीचंच काम हाय.”

तेवढ्यात त्याच नंबरवरून फोन वाजायला लागला. गुरुजींनी तो वाजू दिला. बंद होऊन पुन्हा वाजला. मग त्यांनी नंबर ब्लॉक केला आणि सूचना लिहायला बसले. ‘सावधान. माझ्या भावाच्या नावाने भामटे पत्रिका पाठवत आहेत.’ आलेल्या मेसेजचा फोटो जोडला, नंबर ठळक अक्षरांत टाकला.

अशी दाद त्यांना उभ्या जन्मात मिळाली नव्हती. ‘ब्लॉक केला गुरुजी.’ ‘मला बी आली व्हती, उडवली.’ ‘मला तर फोन बी आला, उचलला न्हाई.’ परमेश्वरानं लिहिलं, ‘गुरुजी हायेत म्हणून गाव वाचलं.’ हा मेसेज गुरुजींनी मालनबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. त्या भाकरी थापत होत्या, त्या थापतच राहिल्या.

मग दिवस तसेच गेले. मोटारसायकली आल्या आणि गेल्या, बालाजी आला नाही. विहारात बायका-माणसं बोलायला लागली, की बालाजी शहरात जाऊन लय मोठा झाला, गावातल्या एकालाही पत्रिका दिली न्हाई. “ज्याची त्याची मर्जी,” असं गुरुजी वरवर म्हणायचे, आणि घरी आल्यावर मालनबाईंनी केलेल्या चहात खोट काढायचे.

लग्नाच्या दिवशी सकाळी मालनबाई ठेवणीतली पांढरी साडी नेसून बाहेर आल्या.

“कुठं?” गुरुजींनी विचारलं.

“लग्नाला.”

“बोलावणं न्हाई, आन् जाता? इज्जत हाय का न्हाई?”

“पोरगी माज्या मांडीवर वाढली. तुमची इज्जत तुमी सांभाळत बसा.”

त्या गेल्या. गुरुजींनी कपाटातून इस्त्रीचे कपडे काढले, घातले, थोडा वेळ खुर्चीत बसले आणि पुन्हा उतरवून ठेवले. लग्न लागायच्या वेळेला त्यांनी उगाच अंगणातली मोरी घासली.

मालनबाई दिवस मावळताना परत आल्या. पाणीही न पिता त्यांनी पिशवीतून पत्रिका काढून गुरुजींच्या पुढ्यात ठेवली. निमंत्रकांत सगळ्यात वर, ठळक टायपात नाव होतं: आयु. सूर्यभान गुरुजी, पेडगाव. बालाजीनं स्वतःचं नाव त्याखाली घातलं होतं. आणखी खाली गावातल्या यच्चयावत माणसांची नावं होती, परमेश्वराचंही.

“त्यो नंबर त्याचाच व्हता,” मालनबाई म्हणाल्या. “परमेश्वराच्या फोनवरून आलेली ती फाईल त्यानं बी उघडली. जुन्या नंबरावरचं व्हाटसप चोरानं घेतलं, फोन तेवढा लागतो. म्हणून नवं कार्ड घेतलं. तुमी फोन उचलला तर लगीच घरी यिऊन पाया पडायचं, असं मनात व्हतं त्याच्या. तुमी ब्लॉक केलं. त्याला वाटलं, दादानं दार लावलं.”

गुरुजींची नजर पत्रिकेवरून हलली नाही.

“गावाकडच्या माणसांसाठी पुढच्या खुर्च्या राखल्या व्हत्या. तशाच मोकळ्या ऱ्हायल्या. मला इचारलं, वहिनी, गावात माझं एवढं कोणाशी वाकडं हाय?”

“मंग तुमी काय सांगितलं?”

“काय सांगू? भर मांडवात तुमचं नाव घिऊ व्हय?”

गुरुजींना संताप आला. आधी चोराचा, मग परमेश्वराचा, मग ज्यांनी मुकाट्यानं नंबर ब्लॉक केला त्या सगळ्या गावाचा. फिरून फिरून तो शेवटी स्वतःवर येऊन बसला. इतक्या खऱ्या सूचना लिहिल्या, त्या कोणी मनावर घेतल्या नाहीत, आणि खोटी होती तेवढी एकच सूचना गावानं काना-मात्रेसकट पाळली. त्यांनी फोन घेतला आणि ग्रुपवर लिहिलं: ‘तो नंबर बालाजीचाच होता. चूक माझी आहे. सर्वांनी त्याला फोन करावा ही विनंती.’

मग परमेश्वराचा मेसेज आला. ‘सावधान. गुरुजींचा फोन हॅक झालेला दिसतोय. गुरुजी अशी चूक कबूल करणारे न्हाईत. कोणीबी त्या नंबरवर फोन करू नये.’ त्याच्याखाली एकामागून एक ‘गुरुजींचा नंबर ब्लॉक केला’, ‘ब्लॉक केला’ सुरू झालं.

गुरुजींनी ग्रुप बंद केला आणि बालाजीचा जुना नंबर लावला. पलीकडे खुर्च्या उचलून एकावर एक ठेवल्याचा आवाज येत होता.

“हां, दादा,” बालाजी म्हणाला.

“बालाजी, गावात तुझं कोणाशी वाकडं न्हाई,” गुरुजी म्हणाले. “मीच सगळ्यांना सांगितलं, हा नंबर चोराचा हाय म्हणून. मीच अडवलं गावाला.”

बालाजीनं ओरडावं, शिव्या द्याव्या, असं गुरुजींना वाटत होतं. पण त्याचा आवाज नुसता थकलेला होता.

“पोरगी स्टेजवरून सारखी दाराकडं बघायली व्हती. मी तिला सांगितलं, मोठे बाबा लय आजारी हायेत, उठवत न्हाई त्यांना. रडत गेली ती. आता बरे झालात, हे तुमीच सांगा तिला.”

पुतणीचा नंबर गुरुजींकडे नव्हता. तो त्यांना बालाजीकडेच मागावा लागला.