जुन्या चिपचे लाड

दुसऱ्याला काय जमत नाही, याची माझ्या थोरल्या साडूंइतकी काळजी वाहणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही. सासरेबुवांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून लग्नाच्या पंगतीत साडू भरल्या ताटांसकट माणसं उठवतात आणि सासऱ्यांची उजवी बाजू बोलक्या लोकांनी भरून काढतात. सावेडीतल्या त्यांच्या फ्लॅटचं दार पावसाळ्यात फुगतं. पण सुताराला बोलावण्याऐवजी ते चार महिने दार नुसतं लोटून ठेवतात. "लाकूड आहे, त्याला दमट हवा सोसत नाही," म्हणतात. पण खरे लाड कंपायलरचे. "एवढं कौतुक माझ्या बाळंतपणातही झालं नाही," असं माझी मेहुणी आल्यागेल्याला सांगते.

साडू एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत दूध तपासायच्या मशीनचा प्रोग्रॅम लिहितात. गावोगावच्या संकलन केंद्रांवर हे मशीन दुधात फॅट किती ते सांगतं. नव्या मशीनमध्ये दमदार चिप, जुन्यात म्हातारी, आणि प्रोग्रॅम मात्र दोघींना एकच. आपण लिहिलेलं चिपला कळेल अशा भाषेत करून देतो तो कंपायलर, आणि प्रत्येक चिपचा कंपायलर वेगळा. म्हातारीच्या कंपायलरला दशांश चिन्हाचा आकडा पडद्यावर दाखवता येत नसे. म्हणून साडूंनी त्याच्यापुरत्या वेगळ्या ओळी लिहिल्या होत्या: साडेसहाऐवजी पासष्ट धरायचे आणि मधला ठिपका आपण टाकायचा. अशा सवलती प्रोग्रॅमभर पसरलेल्या. कुणी हसलं तर साडू म्हणत, "त्याला जेवढं पेलतं तेवढंच द्यावं."

मग पुण्याहून नव्या मॅडम आल्या. हुशार बाई. त्यांनी त्या ओळी जुनाट समजून काढून टाकल्या. दोन्ही चिपांसाठी प्रोग्रॅम बिनतक्रार तयार झाला, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही आणि तो गावोगावच्या मशीनमध्ये गेला. त्या रविवारी मी आणि साडू शेवगावकडे एका साखरपुड्याला निघालो होतो. साडू साखरपुड्यालाही लॅपटॉप घेऊन जातात, हे तेव्हा पहिल्यांदा उपयोगी पडलं. वाटेत त्यांना फोन आला आणि आम्ही वाकडी वाट करून एका गावच्या केंद्रावर पोचलो.

कॅन घेऊन लोक ताटकळले होते, ऊन चढत होतं. मशीनच्या पडद्यावर 'फॅट' आणि त्यापुढे नुसतं प्रश्नचिन्ह. केंद्र चालवणाऱ्या ताई रडवेल्या झाल्या होत्या. "दूध नासलं तर लोक मलाच धरतील," त्या म्हणाल्या. रांगेतले एक म्हातारेबाबा शांतपणे म्हणाले, "सायेब, इतके दिस आमी मशीनला इचारायचो. आता मशीनच आमाला इचारतंय."

साडू कडक इस्त्रीच्या कपड्यांत एका उपड्या कॅनवर बसले आणि त्यांनी मॅडमना फोन लावला.

"माझ्याकडे आकडा बरोबर दिसतोय," मॅडम म्हणाल्या.

"तुमच्याकडे नवी चिप आहे. तुमचं लिहिणं बरोबरच आहे, मॅडम. फक्त इथल्या जुन्या कंपायलरला तेवढं झेपत नाही."

मग त्यांनी जुनी चिप असेल तर आपल्या ओळी आणि नवी असेल तर मॅडमच्या, अशी सोय करून प्रोग्रॅम पुन्हा मशीनमध्ये भरला. पडद्यावर साडेसहा उमटलं. बाबांनी जवळ जाऊन ते नीट निरखलं. "म्हंजे आमची म्हस पास हाय," ते म्हणाले आणि दूध ओतून रिकामा झालेला कॅन त्यांनी उचलला. साखरपुड्यात आम्हाला गार पुऱ्या मिळाल्या, पण साडूंनी त्या अशा खाल्ल्या, जणू त्यांचाच साखरपुडा होता. पुढे मॅडमही काही नवीन लिहिलं की आधी विचारू लागल्या, "म्हातारीला झेपेल ना?"

यंदा शेवटचं जुनं मशीन बदललं. त्या सगळ्या ओळी काढायचं काम मॅडमनी मुद्दाम साडूंनाच दिलं. संध्याकाळी ते आमच्याकडे आले.

"झालं का?" मी विचारलं.

"झालं. प्रोग्रॅम अगदी सुटसुटीत झाला."

बायकोने चहा आणून ठेवला. साडू कप बशीत नुसता फिरवत राहिले. मग म्हणाले, "आता लिहिताना कुणासाठी थांबावं लागत नाही."

चहा निवला होता. बायको दुसरा करायला उठली, तर त्यांनी हातानेच तिला बसायला सांगितलं आणि तोच चहा सावकाश पिऊन टाकला.