कुरडयांची रजा

मी गाव सोडलं त्या सकाळी आई मला निरोप द्यायला दारापर्यंतही आली नाही. चुलीवर कुरडयांचा चीक होता. तीन दिवस भिजवलेले गहू वाटून, गाळून ठेवले की तळाशी जे दाट पांढरं सत्त्व बसतं तो चीक. तो एकदा उकळत्या पाण्यात ओतला की शिजेपर्यंत हाटत राहावं लागतं, हात थांबला की गाठी. अण्णांनी माझी बॅग मोटारसायकलला बांधली होती. लासलगावहून नाशिकची एस.टी. पकडायची होती आणि दुसऱ्या दिवशी नोकरीवर हजर व्हायचं होतं. मी चुलीपाशी जाऊन उभी राहिले. आईने मान वळवली, पण हातातली काठी सोडली नाही.

"जाय बाय तू," ती म्हणाली, "मी उठले तं गाठी व्हतील."

अण्णांना ते लागलं. पोरगी घर सोडून चाललीय आणि हिला कुरडयांचं पडलंय, असं ते फाट्यापर्यंत बडबडत होते. मला मात्र आईचा राग आला नाही. कारण वर्षभर ती जे रांधायची ते दुसऱ्यांसाठी असायचं. मजुरांच्या भाकरी, अण्णांची न्याहारी, कांदा साठवायच्या चाळीवर पाठवायचा चहा. कुरडया तेवढ्या तिच्या होत्या. "रोजचं रांधनं पोटाचं," ती म्हणायची, "एखादं आपल्या मनाचं पायजे." उन्हाळा आला की गल्लीतल्या बायका पाळीपाळीने एकमेकींच्या अंगणात जमायच्या. एकीने हाटायचं, दोघींनी सोऱ्या दाबायचा, पोरींनी खाटेवर अंथरलेल्या धोतरावर कुरडया मोजायच्या आणि गरम चीक साखर घालून ओरपायचा. तुम्हाला आठवत असेल. तुम्ही म्हणजे त्या गल्लीत राहिलेल्या आणि माझ्यासारख्या पुण्याला, सुरतेला, कुठे कुठे पांगलेल्या सगळ्याजणी. हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे, कारण माझ्या घरात हे कोणाला सांगता येणार नाही.

नाशिकला आले, नोकरी टिकली, इथेच लग्न झालं, सिडकोत फ्लॅट झाला. लोक म्हणतात, छान बस्तान बसलं. बसलंच आहे. पण मला स्वयंपाकाची हौस आहे, हे मी इथे ज्यांना ज्यांना सांगितलं ते हसले. ऑफिसात एकदा नव्या साहेबांनी सगळ्यांना छंद विचारले. कोणी ट्रेकिंग म्हणालं, कोणी सायकलिंग. मी स्वयंपाक म्हणाले, तर शेजारचा सहकारी म्हणाला, मॅडम, तो छंद नाही, ती ड्युटी आहे. हशा पिकला. हा गृहस्थ वर्षातून दोनदा बिर्याणी करतो, तिचे फोटो ग्रुपवर टाकतो आणि आम्ही सगळे वा वा करतो. ओटा कोण आवरतं ते फोटोत येत नाही.

त्याचं म्हणणं खोटं होतं असंही नाही. सासूबाईंना साखरेचा आणि बीपीचा त्रास, त्यांना बिनमिठाची भाजी आणि दोन फुलके. यांची सिन्नरला कंपनी आणि शिफ्ट दर आठवड्याला वेगळी, त्यामुळे यांचा डबा कधी पहाटे तर कधी दुपारी, आणि त्यात भाकरीच हवी. लेक ऋतुजा बारावीला, तिच्या क्लासच्या वेळा ठरवणाऱ्याला मला एकदा भेटायचं आहे. ती पोळी खात नाही, तिला सॅलड आणि उकडलेली अंडी. एका ओट्यावर तीन खानावळी चालवते मी, आणि मग नऊच्या ठोक्याला घाम पुसून ऑफिसला पळते. संध्याकाळी तेच उलट्या क्रमाने. एवढं करूनही मला वाटतं की मी स्वयंपाक केलेलाच नाही. हे कसं सांगायचं कोणाला? ज्याला वाचायची आवड आहे त्याला दिवसभर विजेची बिलं वाचायला लावा आणि म्हणा, वाचतोस की.

तरी मी दर उन्हाळ्यात प्रयत्न केला. गहू भिजत घालायचे. पण गव्हाचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, तो माणसासाठी थांबत नाही. वेळेवर वाटला नाही तर आंबून जातो. एका वर्षी गहू भिजले आणि नणंद मुलांना घेऊन सुट्टीला आली. तिचा दोष नाही, माहेरीच आली ती. पण पाहुण्यांची चार वेळची जेवणं होईपर्यंत गव्हाला वास सुटला. पुढच्या वर्षी सासूबाई बाथरूममध्ये पडल्या आणि आमचा मुक्काम हॉस्पिटलात. त्याच्या पुढच्या वर्षी ऑफिसात ऑडिट. दरवेळी बादली घेऊन मी कोपऱ्यावरच्या गोठ्यात गेले आणि ते गहू म्हशींपुढे ओतले. तिसऱ्या वेळी घरी येऊन बाथरूमचा नळ सोडला आणि रडले. मरणाबिरणाचं रडणं वेगळं. हे गव्हासाठीचं रडणं होतं, त्याला सांत्वनाला यायला कोणी नसतं. बाहेरून हे म्हणाले, अगं पाणी वाया चाललंय.

गावाकडे जावं म्हणून वहिनीला फोन केला. म्हटलं, मेमध्ये दोन दिवस येते, आपण आईसमोर बसून करू. आईचे हात आता चालत नाहीत, पण बघायला तरी बसेल. वहिनी मायेनेच बोलली. "ताई, कुठं त्या उन्हात मरता? निफाडला रेडिमेड लय भारी मिळत्यात. मी देते ना पिशवीभर." तिचंही बरोबर आहे. द्राक्षांच्या बागेत दिवसभर उभी राहून आल्यावर तिने माझ्या हौसेसाठी सोऱ्या दाबावा, हे मी कोणत्या तोंडाने म्हणू? गल्लीत आता कोणीच करत नाही म्हणाली. म्हणजे इथे जागा नाही आणि तिथे तर ती गोष्टच उरली नाही.

त्या दिवसांत मला स्वतःची भीती वाटायला लागली होती. कुकरची शिट्टी झाली की दात आवळले जायचे. "आई, काय आहे जेवायला?" हा प्रश्न ऐकला की वाटायचं, ओरडावं, सगळी भांडी खिडकीतून फेकावीत. फेकली नाहीत. फेकली असती तर गोळा करायलाही मीच खाली गेले असते.

मग सुनंदाताई पुण्याला गेल्या. सुनंदाताई म्हणजे ऑफिसातल्या माझ्या मोठ्या सहकारी, आता रिटायर झालेल्या. एकट्याच राहायच्या, ऑफिसपासून चालत जाता येईल अशा जुन्या रो-हाऊसमध्ये. लेकीच्या बाळंतपणासाठी निघाल्या तेव्हा झाडांना पाणी घालायला म्हणून त्यांनी मला किल्ली दिली. पहिल्या दिवशी पाणी घालायला गेले आणि त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहिले. ओटा स्वच्छ, कोणाचा डबा भरायचा नाही, कोणाची हाक नाही. वर गच्ची, दिवसभर ऊन. मी तिथूनच त्यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "कर गं बाई. जाताना गॅस तेवढा बंद कर."

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या बादलीत गहू भिजले. जेवणाच्या सुट्टीत जाऊन पाणी बदलायचे. रविवारी भाजीला जाते म्हणून गेले. वाटायच्या संध्याकाळी घरी ऑफिसात काम आहे म्हणून सांगितलं आणि मंगळवारी रजा टाकली. घरी मात्र कळू दिलं नाही. नेहमीप्रमाणे ड्रेस, पर्स, डबा, गेटपाशी वळून सासूबाईंना हात. रस्त्यात ओळखीची बाई दिसली तर मान खाली घातली. लोक असल्या चोऱ्या कशासाठी करतात आणि मी कशासाठी करत होते, याचं मला हसू आलं.

कुलूप आतून लावलं, जुना गाऊन घातला. चिकावरचं पाणी ओतून टाकलं, पातेल्यात आधण ठेवलं, मीठ घातलं आणि एका हाताने धार धरून दुसऱ्या हाताने हाटायला सुरुवात केली. पहिल्यांदा काही कळत नाही, नुसतं पांढरं पाणी. मग तळाकडून जड व्हायला लागतं. अगदी त्याच वेळी पर्समधला फोन वाजला.

मी हाटत राहिले. तो थांबला आणि पुन्हा वाजला. घरून होता, घरची रिंग मी वेगळी ठेवली आहे. सासूबाई पडल्या असतील. ऋतुजाला काही झालं असेल. यांच्या कंपनीत काही झालं असेल. प्रत्येक शक्यता डोळ्यांपुढे येत होती आणि हात फिरत होता. सोड, असं मन म्हणत होतं, आणि हात सोडत नव्हते. मला वाटलं, मी राक्षसीण आहे. सासूबाई तिथे फरशीवर पडल्या आहेत आणि मी इथे कुरडया करते आहे. तोंडाने "थांबा, आले, आले" म्हणत होते, मोठ्याने, त्या रिकाम्या घरात, आणि डोळ्यांतून धारा. फोन तिसऱ्यांदा वाजून बंद झाला. चीक पारदर्शक झाला, काठीला चिकटेनासा झाला. मग गॅस बंद केला, झाकण ठेवलं आणि फोन लावला.

"आई, फोन का उचलत नाहीस? लिंबाचं लोणचं कुठे ठेवलंय?" ऋतुजा म्हणाली.

जीव भांड्यात पडला म्हणतात ते खरं आहे. मी मीटिंगमध्ये होते म्हणाले, लोणचं फ्रिजच्या दारात आहे म्हणाले, आणि फोन ठेवून खाली फरशीवर बसले. चिकात एक गाठ नव्हती. मग एकटीने सोऱ्या भरला, गच्चीवर जुन्या साडीवर ओळीने कुरडया घातल्या. हाताला फोड आले. उन्हाने डोकं तापलं. दुपारी वाटीभर चीक साखर घालून खाल्ला आणि कित्येक वर्षांनी मला खरी भूक लागली होती असं वाटलं.

वाळलेल्या कुरडया साध्या पिशवीत घालून घरी आणल्या. म्हटलं, एका बाईकडून घेतल्या, घरी करून विकते ती. रविवारी आमरसाबरोबर तळल्या. सगळे मिटक्या मारत होते. सासूबाईंनी एक कुरडई उजेडात धरून न्याहाळली. त्यांनीही एके काळी पायलीपायलीच्या केलेल्या, त्यांना कळतं.

"अशी एकसारखी तार घाईत येत नाही," त्या म्हणाल्या. "ज्या बाईने केल्यात ना, तिला घरी काही काम नसणार. सुखी असेल बिचारी."

हे म्हणाले, बघ, उगाच दरवर्षी गहू भिजवून जीव काढायचीस. मी वाढत राहिले. माझ्या घरच्यांनी माझं एवढं कौतुक आजवर कधी केलं नव्हतं आणि मला त्यातलं काहीच घेता येत नव्हतं. तेव्हा बोलले असते तर? तर पुढच्या वर्षी सगळ्यांनी आनंदाने मला परवानगी दिली असती, आणि त्या दिवशीही चार वेळा लोणचं विचारलं असतं.

सुनंदाताई पावसाळ्यात आल्या त्या आवरायलाच. लेकीकडेच राहायचं ठरलं, घर विकलं. किल्ली परत घेताना त्यांनी माझा हात हातात घेतला. नव्या मालकांनी गच्चीवर पत्रा टाकायला घेतलाय, परवा जाताना दिसलं.

पूर्वी मला कोणी घर कुठे असं विचारलं की मी लासलगावाकडे, असं सांगायची. मग सिडको सांगायला लागले. आता मनात येतं ते तिसरंच, जिथे माझं काही नव्हतं, आणि जिथे मी जेमतेम एक दिवस, तोही खोटं बोलून, राहिले. तुमच्यापैकी कोणाला असं एखादं ठिकाण सापडलं असेल तर मला कळवा. मी गंमत करत नाही. येत्या उन्हाळ्यात गहू कुठे भिजवायचे हा विचार आला की मला श्वास पुरत नाही.

काल कुरडयांचा डबा संपला. तळाचा चुरा सासूबाईंनी भाजीत घालायला सांगितला. जेवताना हे म्हणाले, त्या बाईला आत्ताच सांगून ठेव, पुढच्या वर्षी जास्त घेऊ, माझ्या ताईलाही हव्या आहेत.

"कुठली आहे गं ती?" यांनी विचारलं.

"आमच्या लासलगावाकडचीच."

"हो का? मग इथे राहते कुठे?"

"इथेच कुठेतरी राहते," मी म्हणाले, "पण पत्ता नाही माझ्याकडे."