कंबरेच्या सुया

माझी नणंद प्रियदर्शनी पहिल्या बाळंतपणाला पणदऱ्याला माहेरी आली. बाळ झालं तसं ती त्याच्याकडं पाठ करूनच पडून राहायची. एकदाच मला म्हणाली, "वैनी, ह्ये माझं वाटतच न्हाय."

मी गावातल्या नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बाळंतपणानंतर असा आजार होतो, बारामतीला मनाच्या डॉक्टरांना दाखवा. सासूबाईंनी विषय तिथंच तोडला. पोरगी येडी म्हटल्यावर सासरचे नांदवतील का? सुया टोचून उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडं जायला मात्र त्या तयार झाल्या. तिथं गुडघेदुखीवालेच जातात, कुणी नावं ठेवत नाही.

डॉक्टरीणबाईंनी प्रियदर्शनीला विचारलं, "काय होतंय?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. "बाळंतपणापास्नं कंबर दुखती."

बाळ मांडीवर घेऊन मी शेजारीच बसले होते. खरं काय ते मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसले. सासूबाईंपुढं बोलायची मला सवयच नाही.

दहा वेळा गेलो. दहाही वेळा तिच्या चांगल्या कंबरेत सुया टोचल्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आता दुखतं का?"

"न्हाय," ती म्हणाली. ते खरंच होतं.

सासूबाईंनी त्याच दिवशी इंदापूरला तिच्या सासरी फोन केला, पोरगी बरी झाली, घेऊन जावा. तिचा नवरा गाडी घेऊन आला. प्रियदर्शनी आत बसली, दार लावून घेतलं. बाळ माझ्याजवळच राहिलं होतं. मी ते खिडकीतून आत धरलं. तिनं हात पुढं केले नाहीत.