आडवा लागलेला पत्रा

बोईसरच्या ज्या कारखान्यात मी काम करते, तिथे छोट्या टेम्पोंच्या चासी बनतात. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा. दोन लांब पोलादी पट्ट्या आणि त्यांना शिडीसारखे जोडणारे आडवे तुकडे. इंजिन, केबिन, माल, सगळं पुढे त्याच्यावर बसतं. आडव्या तुकड्यांना आमच्याकडे क्रॉस मेंबर म्हणतात. ते प्रेसमधून वाकून आले की तपासायचे आणि कागदावर सही करायची, हे माझं काम.

मी मूळची दातिवऱ्याची. वडिलांची होडी आहे. डिप्लोमा झाल्यावर नोकरी लागली आणि मी सरावलीत खोली घेऊन राहू लागले. पहिल्या वर्षी कारखाना मला फार आवडायचा, पण तो बघता बघता माझं मन त्यातून निघूनही जायचं. दुपारी छतातल्या पारदर्शक पत्र्यांतून ऊन उतरायचं आणि तेलाची वाफ त्यात तरंगत राहायची. प्रेस खाली आली की जमीन हलायची आणि ती थरथर तळपायांतून गुडघ्यापर्यंत चढायची. तेल लावलेल्या पत्र्यावर निळी-जांभळी झाक दिसायची. ओहोटीला ओल्या वाळूवर संध्याकाळ पसरते, तशी. हात तुकडे उचलत, फिरवत, ठेवत राहायचे, आणि मी किनाऱ्यावर कुठेतरी चालत असायची.

प्रेसवर एक काका होते, मासवणकडचे. पावसाळ्यात रजा टाकून भात लावायला गावी जायचे, एरवी वर्षभर प्रेसवर. बोलायचे कमी.

एका सकाळी तुकडा फिरवताना माझ्या हातमोज्याचा धागा वाकाच्या बाहेरच्या कडेला अडकला. मी मोजा काढून अंगठा फिरवला. काहीतरी खरखरलं. बॅटरीच्या उजेडात दिसली एक रेघ, केसाहून बारीक, वाकाच्या बरोबरीने जाणारी. पुढच्या तुकड्यात तशीच. त्याच्या पुढच्यात नव्हती, मग परत होती.

मी पर्यवेक्षक सरांना बोलावलं. त्यांनी तुकडा उजेडात धरला.

“हे वरवरचं आहे. रंग बसला की दिसणारही नाही.”

“दिसणार नाही, पण राहील ना, सर.”

“मॅडम, आज माल न्यायला गाडी लागायची आहे. सही करा.”

मी पेन हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं. आजच्या मालाचं सोडा. कालचा माल, परवाचा माल, तोही माझ्याच हातांखालून गेला होता. मला तो आठवेचना. नुसतं ऊन आठवत होतं.

मी म्हटलं, “सर, सही नाही करत. आणि कालचा मालही पुन्हा बघावा लागेल. मी तो नीट पाहिला नव्हता.”

बाजूला माल चढवणारा एकजण हळूच म्हणाला, “मैडम, ये क्यों बोल दिया?” कान तापले होते.

तेवढ्यात काकांनी प्रेस बंद केली. कचऱ्याच्या पेटीतून पत्र्याचा एक उरलेला तुकडा घेतला, त्यातून दोन पट्ट्या कापल्या, एक उभी, एक आडवी. मग शिकंज्यात धरून दोन्ही हातोड्याने वाकवल्या. उभी पट्टी गुमान वळली. आडवी वळता वळता बाहेरच्या बाजूने उकलली.

“पत्र्याला रोख असतो, ताई,” ते म्हणाले. “पोलादाच्या कारखान्यात लाटून लाटून लांब करतात ना, त्याच्या रेषा आत राहातात. रेषेला आडवी घडी घातली तर टिकतो. रेषेच्या बाजूनं घडी घातली का उकलतो. बांबू हाय तसंच हाय. ह्या गठ्ठ्यातला पत्रा आडवा कापलाय. आमी नुसता आत सारत गेलो. नाय बघितलं.”

‘आमी’ म्हणाले. माझ्याएवढेच तेही त्या चुकीत उभे राहिले. सरांनी त्या दोन पट्ट्या हातात घेऊन पाहिल्या. पत्रा कापणाऱ्या विभागाला त्यांनी फोन लावला. पत्रा कमी वाया जावा म्हणून कुणीतरी तो फिरवून कापला होता. एवढंच कारण होतं.

मग तीन दिवस आम्ही त्या मालातून जोडलेल्या, अजून आवारातच उभ्या असलेल्या फ्रेम, म्हणजे तयार चासी, तपासल्या. काका आणि मी. मी खाली झोपून अंगठा फिरवायची, ते खडूने खूण करायचे. पाठीखाली तापलेलं काँक्रीट, डोळ्यांवर काळ्या रंगाच्या कडा, त्यांच्या मधून आभाळाच्या पट्ट्या. एका फ्रेमखाली पडल्या पडल्या मला वाटलं, यावर कुणीतरी बसून घाट उतरणार, मागे बर्फात बोंबील नाहीतर कुणाचा संसार असणार, आणि त्याला ही रेघ कधीच माहीत नसणार. मन तेव्हाही भटकत होतं. फक्त अंगठा जागेवर होता.

अकरा फ्रेममध्ये रेघ सापडली. ते तुकडे कापून काढले, नवे जोडले. मला लेखी समज मिळाली. कागद हातात देताना सर म्हणाले, “हे मला द्यावंच लागतं.” थोड्या वेळाने त्यांनी माझ्या टेबलावर चहा पाठवला.

रविवारी घरी गेले तेव्हा आईला सगळं सांगितलं. ती अंगणात सुकट पसरत होती.

“तुला काडून टाकतील काय?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग जेवून घे. आन त्या मानसाला थोडी सुकट ने.”

सोमवारी मी काकांना पुडी दिली. त्यांनी ती वासावरूनच ओळखली आणि डब्याच्या पिशवीत खाली सरकवली. “घरी आवडंल,” म्हणाले. मग ते प्रेसकडे वळले. नव्या गठ्ठ्यातला पहिला पत्रा त्यांनी उजेडाकडे तिरका धरला, त्यावरच्या पुसट रेषा बोटाने शोधल्या आणि मला हाताने जवळ बोलावलं. मी वाकून पाहिलं. आधी काहीच दिसेना. मग हळूहळू दिसू लागल्या, एका दिशेने वाहत गेलेल्या.