मामांच्या खोलीतला दिवा

सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. आमचं गाव नेकनूरजवळ. मी केजच्या शाळेत शिकवते, आणि नवरा तेलगावकडच्या साखर कारखान्यात असल्यामुळे हंगामात आठवड्यातून एकदाच घरी येतो. दिवसभर घरात ही दोघंच.

दिवाळी झाल्यावर मामा पडले. आत्या गोठ्यात धार काढत होत्या, घरात अंधारून आलं होतं, आणि मामा बटन शोधायला उठले ते खाटेशेजारीच कोसळले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, पण माझी धास्ती जाईना. मी घरी पोचायच्या आधीच दिवस मावळतो. म्हणून फोनवरून चालणारा एक बल्ब आणला, अंधार पडायच्या सुमाराला आपोआप लागणारा. खोलीतली जुनी ट्यूब मामांच्या डोळ्यांना खुपायची, म्हणून ह्याचा उजेड मंद आणि पिवळसर ठेवला.

पहिल्या संध्याकाळी तो लागला तेव्हा मामा कौतुकानं म्हणाले, "आगं, ह्याला कुनी सांगितलं दिस मावळला म्हनून?"

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी जीपमधून येताना फोन उघडला, तर बल्बच्या नावापुढं 'ऑफलाइन'. घरी आले तर मामांच्या खोलीत ट्यूब भगभगत होती आणि मामा डोळ्यांवर उपरणं टाकून पडले होते.

आत्या म्हणाल्या, "तुजा बल्ब काय लागला न्हाई बाय आज."

दुसऱ्या दिवशी लागला. मग दोन दिवस नाही. मला वाटलं, लाईट जाते तेव्हा वायफाय बंद पडत असेल. वायफायच्या डब्याला बॅटरी जोडली. तरी तेच. मग तो डबा भिंतीतल्या देवळीतून काढून मामांच्या खिडकीत ठेवला. तरी तेच. नेकनूरच्या मोबाईल दुकानदारानं बल्ब बदलून दिला, वर म्हणाला, "मॅडम, खेड्यात असलं टिकत न्हाई." मला राग आला. वर्गात मुलांना वैज्ञानिक दृष्टिकोन शिकवायचा आणि घरी एका बल्बापुढं हात टेकायचे? शाळेची एक वही घेतली आणि रोज लिहू लागले: लागला, नाही लागला, गावात लाईट होती का, आभाळ होतं का. दोन आठवड्यांनी वही बघितली. कशाचाच कशाला मेळ नव्हता.

मामांना विचारलं, "मामा, तुम्ही तर खोलीतच असता. नक्की होतं काय?"

मामांनी भिंतीकडं बघितलं. "माजा डोळा लागतो पोरी त्या टायमाला."

मग एका रविवारी ठरवलं, आपणच बसून बघायचं. मांडीवर सूप घेऊन मामांच्या खोलीच्या कोपऱ्यात शेंगा फोडत बसले. बाहेर अजून थोडा उजेड होता तेवढ्यात बल्ब लागला. अगदी वेळेवर, गुपचूप. मामा जागेच होते. त्यांनी बल्बाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळानं आत्या धार काढून आल्या. उंबऱ्यात थांबल्या. भिंतीवर तळहात फिरवत त्यांनी बटन चाचपलं आणि दाबलं. बल्ब विझला. लगेच त्यांनी शेजारचं बटन दाबून ट्यूब लावली.

"बघा, आजबी लागला न्हाई," त्या मामांना म्हणाल्या. मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते, ते त्यांना ट्यूब लागल्यावर दिसलं. "आगं बया, तू कवा आलीस हितं?"

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

"आत्या, बल्ब लागला होता. तुम्ही आत्ता बंद केलात तो."

"कावून बंद करीन मी? अंधार तर व्हता."

मग मामा हळूच म्हणाले, "सांग की तिला आता. किती दिस लपवशील?"

आत्या खाटेच्या कडेला बसल्या. वर्षभर डोळ्यांपुढं धुकं येतंय, म्हणाल्या. सुईत दोरा जात नाही, तांदळातला खडा दिसत नाही. दिवेलागणीला तर सगळंच सारखं. गच्च काळोख पडला की तेवढा बल्ब कळतो. म्हणजे धार काढायला उशीर होऊन काळोख पडला की त्या बल्ब तसाच ठेवायच्या; तो मधेच नीट का चालायचा, ते आता मला कळलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं आसतं तर तू दवाखान्यात नेलं आसतंस. मग ह्यांचं कोन बघनार? आन् ह्यांना शपथ घातली व्हती मी."

मामा म्हणाले, "पडल्या पडल्या बघायचो, ती यायची आन् बंद करायची. सकाळी वॉकरनं जाऊन ते बटन मीच परत लावून ठिवायचो. मी म्हनायचो, ऱ्हाऊ दे, तिला वाटतंय ना, ह्यांच्यासाठी म्याच लावली लाईट."

मला रडू आलं आणि हसूही. त्या वहीत मी गावाची वीज लिहिली, आभाळ लिहिलं. माणसं लिहायची राहिली होती.

बीडला दाखवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एक चांगलाच पिकलेला. ऑपरेशन ठरलं. मी मामांसाठी आठवडाभर रजा टाकली, नवऱ्यानं दोन दिवस आत्यांबरोबर काढले. आत्या दवाखान्यात होत्या तेव्हा मामांनी मला दिवसातून दहा वेळा फोन लावायला लावला. लावून दिला की मात्र एवढंच बोलायचे, "जेवलीस का? बरं. ठिव."

आत्या परत आल्या त्या काळा चष्मा लावून. पुढचे काही दिवस डोळ्यांत थेंब घालायचं काम माझ्याकडं होतं. मग एका सकाळी चष्मा काढून त्या मामांच्या समोर चहा घेऊन उभ्या राहिल्या, आणि कितीतरी वेळ नुसत्या बघतच राहिल्या.

"लई वाळलात हो तुमी," त्या म्हणाल्या. "आन् ही दाढी कुनी केली? निम्मी तर तशीच हाय."

दाढी मी केली होती. मामांनी हनुवटी जराशी वर केली, आत्यांना नीट दिसावी म्हणून.